पावसात डोंगर चढताना

धावणाऱ्याला थंडी कसली बाधणार, अशी आपली समजूत असते. पायथ्याशी ती खरीही ठरते. त्सुगश्पिट्स हे जर्मनीचे सर्वोच्च शिखर, २९६२ मीटर, सारे चुनखडीचे. १३ जुलै २००८ रोजी ऑस्ट्रियातील एरवाल्ड गावाहून कित्येक शर्यतपटू त्यावर धावत निघाले. पुष्कळांच्या अंगात आखूड चड्डी नि पातळ सदरा. वर बर्फ व वारा. दोघे गारठून मेले.

भर उन्हाळ्यात हे कसे? हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. शिखर गावाहून सुमारे दोन हजार मीटर उंच. म्हणजे खाली दहा अंश, तर वर उणे तीन! धावताना स्नायूंची भट्टी पेटलेली असते. पण चढ उभा झाला, ओली चुनखडी पायाखालून निसटू लागली, की चाल मंदावते आणि भट्टी विझू लागते. भिजलेला सदरा मात्र ऊब ओढतच राहतो. मग बोटे बधिरतात, जवळ कोट असून गुंडी लागत नाही. तो अंग गरम असतानाच चढवावा.

संयोजकावर खटला झाला. २००९ मध्ये तो निर्दोष सुटला. धावणारा आपल्या जबाबदारीवर धावतो, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु गारठ्याने बुद्धीही मंदावते, तेव्हा परत फिरायचे कोणी ठरवायचे?