वेलिगामा उपसागरातील लाटा व हवामान
वेलिगामा उपसागर श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, मातारा जिल्ह्यात असून सर्फिंग शिकणाऱ्यांमध्ये तो प्रसिद्ध आहे. सिंहलीत ‘वेलि’ म्हणजे वाळू आणि ‘गम’ म्हणजे गाव. मराठी ‘गाव’प्रमाणेच ‘गम’ हा शब्दही संस्कृत ‘ग्राम’शी जोडलेला आहे. नावाला साजेशा येथील लाटा मुख्यतः वाळूच्या उथळ तळावर फुटतात. त्यामुळे फळीवरून पडल्यास खडकाळ किनाऱ्याच्या तुलनेत इजा कमी होते.

येथील मोठ्या लाटांचा उगम दूरवर, दक्षिण महासागरातील वादळांत असतो. साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ईशान्य मोसमी वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि लाटांचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. सकाळची वेळ सर्वांत अनुकूल असते. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खवळते. मे ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे लाटा विस्कळीत होतात. त्या काळात अनेक सर्फर पूर्व किनाऱ्यावरील आरुगम उपसागराकडे वळतात.

लाटांच्या अंदाजात नवशिके बहुधा केवळ उंची पाहतात, हे धोक्याचे आहे. खोल समुद्रात १ मीटर उंचीची, १४ सेकंद आवर्तनकाळाची लाट तितक्याच उंचीच्या ७ सेकंदांच्या लाटेच्या सुमारे दुप्पट ऊर्जा वाहून आणते. शिवाय अंदाजातील उंची बहुतेकदा खुल्या समुद्रातील असते. उपसागराच्या आडोशाला ती कमी भरते. फुटणाऱ्या लाटांच्या मध्येच पाण्याचा शांत पट्टा दिसल्यास तेथे समुद्राकडे ओढणारा प्रवाह असू शकतो. त्यात सापडल्यास प्रवाहाविरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे लागते.