पाव टनाचा हिशेब

कोलकात्यात मल्लिकबाजारच्या गल्ल्यांत जुने सुटे भाग चाळणाऱ्या जीपवेड्यांत एखादा तरी कंडम मिलिटरी ट्रेलरच्या मागावर असतो. असल्या मालाचे ई-लिलाव करणारी एमएसटीसी ही १९६४ सालची सरकारी कंपनीही याच शहरातली. ट्रेलर मिळतो, सोबत ऐकीव ज्ञान फुकट.

‘पाव टनी आहे, म्हणजे वजन पाव टनच.’ इथेच फसगत होते. पाव टन हा आत भरायच्या मालाचा आकडा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमागचा ट्रेलर रिकामाच सुमारे अडीचशे किलोचा, वर माल सव्वादोनशे. शिवाय त्याला पायाने दाबायचा ब्रेकच नाही. आहे तो उभा करताना ओढायचा हातब्रेक. पावणेपाचशे किलोंचा हा रेटा तुमच्या गाडीच्या ब्रेकनेच अडवायचा. विद्यासागर सेतूवरून उतरताना तो पाठीला जाणवतो. म्हणून आधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा बघा. तिथे नसेल तर कंपनीला विचारा, मिस्त्रीला नव्हे.

‘माल मागे सरकवला की गाडीवर भार येत नाही.’ भार यायलाच हवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर असला तर ट्रेलर सरळ चालतो, नाहीतर शेपटीसारखा डोलू लागतो. डोलला तर करकचून ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा.

लष्करी ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडी असते. ती पिंटल हुकासाठी असते, कारमागच्या टो-बॉलवर बसत नाही. हूक बंपरला नको, चासीलाच हवा. कडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या घेतल्या की कडी सुटली तरी दांडा त्या झोळीत पडतो.

‘दिवे जोडले की पेटतात.’ महायुद्धानंतरच्या बऱ्याच लष्करी गाड्या २४ व्होल्टच्या. त्यांचा बल्ब कारच्या १२ व्होल्टवर जेमतेम लालसर होतो. महायुद्धातला ६ व्होल्टचा बल्ब तर लगेच उडेल. बल्ब बदला. टायरही बघा: कडेवर ‘२३१८’ असेल तर तो २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला.

‘ट्रेलरला कसली नोंदणी?’ १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरलाही नोंदणी लागते. आणि तो हौसेचा ऑलिव्ह ग्रीन रंग? १९८९च्या नियमांनुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांचा. विकत घेतल्यावर पहिला खर्च रंगाच्या डब्याचा.