भिंतीवरचे डाग आणि अतालेफची गोष्ट

उन्हाळ्यात सकाळी उठून पाहावे तर घराच्या भिंतीवर काळपट, चिकट डाग पडलेले असतात. मोटारीच्या काचेवरही तेच. नुकताच रंग दिलेली भिंत खराब झाली की कुणीही वैतागणारच. मग समोरचे फिकुसचे झाड तोडावे असा अर्ज घेऊन शेजारीपाजारी इरियाकडे निघतात. हे डाग पाडणारा प्राणी म्हणजे अतालेफ, आपले वटवाघूळ. झाडावर कुऱ्हाड चालवण्याआधी हा प्राणी खातो काय आणि राहतो कुठे, हे आपण समजून घेऊ.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांनी वडाच्या किंवा चिंचेच्या उंच झाडांवर दिवसाढवळ्या उलटी लटकलेली मोठी वटवाघळे पाहिली असतील. त्यांचे पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरतात. इस्राएलमधले फळे खाणारे वटवाघूळ, म्हणजे अतालेफ पेरोत, त्याच कुळातले, पण लहान. पंख पसरून साधारण दोन फूट आणि वजन दीडशे ग्रॅमच्या जवळपास. कोकणातले वटवाघूळ झाडावर उजेडात राहते आणि डोळ्यांनीच वाट काढते. इथले मात्र गुहेच्या अंधारात राहते. अंधारात ते जिभेने टक्‌टक् आवाज करते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे आहे ते ओळखते. त्याचे डोळेही चांगले मोठे आणि तेज असतात. तेव्हा वटवाघूळ आंधळे असते, केसांत अडकते, ही लहानपणी ऐकलेली भीती आता सोडून द्यायला हरकत नाही.

वायिक्राच्या अकराव्या अध्यायात निषिद्ध पक्ष्यांची यादी अतालेफच्या नावावर संपते. उडणाऱ्या जिवांत त्याची गणना झाली आहे. प्राणिशास्त्र त्याला सस्तन मानते, कारण तो अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजतो. अतालेफ पेरोतच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. सुरुवातीचे काही आठवडे ती ते छातीशी घेऊनच उडते.

फळे खाणारा एकच

इस्राएलमध्ये वटवाघळांच्या तीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी फळे खाणारी फक्त ही एक. आफ्रिका, इजिप्त, लेबनॉन, सायप्रस, तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, अरबस्तान आणि पुढे इराण-पाकिस्तानपर्यंत ती आढळते. पूर्वी तिचा मुक्काम डोंगरातल्या गुहांत असे. आता ती शहरांतही आली आहे. तेल अवीवसारख्या शहरात जमिनीखालचे पार्किंग आणि पडक्या इमारती हीच तिची गुहा.

शहरात तिला खाण्याची ददात नाही. रस्त्याकडेचे फिकुस, शिकमा, तुती, शेसेक, खजूर, खारूव आणि बकाणनिंब, म्हणजे इथला इझदारेखेत, या झाडांची फळे तिला वर्षभर पुरतात. पोटात गेलेले फळ तासाभराच्या आत बाहेर पडते, तेही बहुतेक वेळा उडताउडता. भिंतीवरचे डाग ते हेच. पण त्याच विष्ठेतून बिया दूरवर पडतात आणि नवी झाडे उगवतात.

या प्राण्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. वाइझमन संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी बेत गुव्रिनजवळच्या गुहेतल्या वटवाघळांना लहान जीपीएस यंत्रे लावली. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. गुहेतून निघाल्यावर ती बारा ते पंचवीस किलोमीटर सरळ उडून एका ठरावीक झाडावर जात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच झाडावर येत. वाटेत तशीच फळे असलेली झाडे लागली तरी थांबत नसत. काहींना ४४ किलोमीटर दूर नेगेवमध्ये सोडले, तरी ती परत आली.

बाकीचे किडे खाणारे

उरलेल्या सगळ्या जाती किडे खातात. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याभोवती भिरभिरणारी पाकोळीएवढी वटवाघळे आपण पाहतो, ती बहुधा अतालेफोन. वजन पाच-सात ग्रॅम, पण रात्रभर पतंग, डास आणि इतर लहान किडे टिपण्याचे काम चालू असते. नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेला तो पारसाफ. उंदरासारखी लांब शेपटी असलेला तो याझ्नुव. तो उन्हाळ्यात उडणाऱ्या राणी मुंग्या खाऊन चरबी साठवतो आणि गालीलमधल्या उबदार गुहांत हिवाळा झोपून काढतो. नेगेवमध्ये लांब कानांची एक जात आहे. ती जमिनीवर उतरून विंचू पकडते. विंचवाने तोंडावर नांगी मारली तरी तिला काही होत नाही.

यार्देन नदीकाठच्या जुन्या लष्करी चौक्यांतही वटवाघळे राहतात. १९९४ च्या जॉर्डनबरोबरच्या करारानंतर त्या ओस पडल्या. माणसाचा वावर नाही आणि आत अंधार, म्हणून त्यांना त्या मानवल्या. नखे रुतावीत म्हणून संशोधकांनी आतल्या गुळगुळीत भिंती आणि छते खडबडीत केली.

गुहांतला विषारी धूर

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंत, फळबागांचे रक्षण म्हणून, देशातल्या कितीतरी गुहांत लिंडेनसारख्या विषांचा धूर सोडण्यात आला. मारायचे होते फळे खाणाऱ्यांना. पण त्याच गुहांत किडे खाणाऱ्या जातीही झोपलेल्या होत्या. त्यांची संख्या झपाट्याने घटली आणि वर्षाला एक-दोन पिल्ले देणारा प्राणी ती लवकर भरून काढू शकत नाही. पुढे १९९० च्या दशकात अतालेफ पेरोतच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात असे आढळले की तो मुख्यतः बाजारात न विकल्या जाणाऱ्या झाडांचीच फळे खातो. विक्रीची फळे पिकण्याआधीच उतरवली जातात आणि त्याला हवे असते पिकलेले फळ. म्हणजे ज्या नुकसानीच्या नावाखाली धूर सोडला, ते नुकसान फारसे नव्हतेच. आज किडे खाणाऱ्या जातींना कायद्याचे संरक्षण आहे.

आपण काय करावे

डाग ओले असतानाच पाण्याने धुवावेत, वाळल्यावर ते निघता निघत नाहीत. भिंतीला लागून असलेल्या फळांच्या फांद्या हंगामापूर्वी छाटून घ्याव्यात. त्यासाठी सारे झाड तोडायला नको. अंगणातल्या फळांवर जाळी टाकावी, मात्र ती ताणून बसवावी, नाहीतर प्राणी तिच्यात अडकतो.

वटवाघूळ घरात आले तर दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी, ते आपले आपण बाहेर जाते. जखमी होऊन पडलेले दिसले तर उघड्या हाताने मुळीच उचलू नये. निसर्ग व उद्यान प्राधिकरणाच्या *३६३९ या क्रमांकावर कळवावे. चावलेच, किंवा नखांचा ओरखडा आला, तर जागा साबणाने भरपूर धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजच्या लसीबद्दल लिश्कात हाब्रियुतमध्ये सांगतात. जखम लहान आहे म्हणून थांबू नये.

आणि नातवंडे गॅलरीत उभी राहून दिव्याभोवतीच्या अतालेफोनला घाबरली, तर त्यांना एवढे जरूर सांगावे की तो डास खायला आला आहे.