बिबळ्याचा पेला खरंच शुगर उतरवतो का?

या आठवड्यात सगळ्यात जास्त व्हॉइस मेसेज आले ते लाकडाच्या पेल्यावर. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी तांबूस झालेलं ते पाणी प्यायचं, की म्हणे शुगर उतरते. एकीने विचारलंय, "बाबांनी पेला आणलाय, आता गोळी बंद करतो म्हणतात. काय करू?"

गोळीचं आधी सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू देऊ नकोस. आता पेला.

हे लाकूड बिबळ्याचं, म्हणजेच विजयसार. आणि गंमत म्हणजे, याची खरोखर चाचणी झालीय. आयसीएमआरने नव्यानेच मधुमेह निघालेल्या ९७ जणांना रोज २ ते ४ ग्रॅम विजयसार दिलं. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले: १२ आठवड्यांत ६७ जणांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात. ६९ टक्के! व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच फिरतं.

पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, जी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, ती सरासरी ९.८ वरून ९.४ वर आली. उतरली, पण किती? शिवाय ही 'ओपन' चाचणी होती. म्हणजे आपल्याला औषध मिळतंय हे सगळ्यांनाच माहीत. आता बघा, मधुमेह निघाल्यावर माणूस काय करतो? चहातली साखर सोडतो, सकाळी फिरायला लागतो. मग साखर कशाने उतरली, औषधाने की फिरण्याने? हे कळायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, आणि कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही कळू द्यायचं नाही, डॉक्टरलाही नाही.

पुढे आयसीएमआरने तेही केलं. टोलब्युटामाइड या जुन्या गोळीसमोर विजयसार ठेवलं, आणि साखर दोन्ही गटांत उतरली. त्यामुळे बिबळ्याला मी थापा म्हणणार नाही. मेटफॉर्मिनचं मूळही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपापर्यंत जातंच की.

फक्त हे सगळे आकडे मोजून दिलेल्या औषधाचे आहेत. पेल्यातल्या पाण्यात किती उतरलं, कुणी मोजलंय? लाकूड नवं की जुनं, पाणी गार की कोमट, किती तास ठेवलं? आणि दोन महिने रोज भिजल्यावर त्या लाकडात उरलं तरी किती? पाण्याला रंग आला म्हणजे डोस मिळाला असं नाही ना.

बाबांना पेला सोडायचाच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. गोळी आणि पेला दोन्हींनी साखर उतरली तर ती फार खालीही जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी आली की आधी साखरपाणी द्या, मग तपासा. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर रोजचं रीडिंग फोनमध्ये लिहून ठेवा, वेळेसकट. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच दाखवा.