चोरी एक, अरबी शब्द अनेक

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. चोरीचा मुख्य धातू स-र-क.

• सरिका : लपूनछपून केलेली चोरी. चोर तो ‘सारिक’. पारंपरिक इस्लामी कायद्यात माल सुरक्षित जागेतून उचललेला आणि किमान ठरावीक किमतीचा असेल, तरच हा गुन्हा पूर्ण ठरतो.

• याच धातूची भावंडे : ‘इस्तरक अस्-सम्अ’ म्हणजे चोरून ऐकणे. ‘सारक अन्-नझर’ म्हणजे चोरटी नजर टाकणे.

• लिस्स : चोर, दरोडेखोर. ग्रीक ‘लेस्तेस’वरून आल्याचे मानतात. नजीब महफूज यांची १९६१ची कादंबरी ‘अल्-लिस्स वल्-किलाब’, म्हणजे ‘चोर आणि कुत्रे’.

• नश्शाल : पाकीटमार.

• इख्तिलास : अफरातफर, विश्वासाने सोपवलेला पैसा हडपणे.

• गस्ब : उघडपणे, जबरदस्तीने बळकावणे.

• नह्ब : लूटमार.

• हरामी : बोली अरबीत सरळ ‘चोर’. मूळ शब्द ‘हराम’, म्हणजे निषिद्ध. याच धातूचा ‘हरम’ म्हणजे मक्का-मदिनेचे पवित्र क्षेत्र. मराठीत मात्र ‘हरामी’ची शिवी झाली, ‘हरामखोर’ फारसी प्रत्यय लावून आला.