आम्ल सौम्य, म्हणून बिनधोक?

‘विरल’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतले आम्ल सौम्य असते, असे अकरावीच्या वर्गात बऱ्याच जणांना वाटते. तसे नसते. विरल की संहत, हे ठरते पाण्यात आम्ल किती घातले आहे यावर. तीव्र की सौम्य, हे ठरते पाण्यात गेलेल्या रेणूंपैकी किती जण हायड्रोजन आयन सोडतात यावर. हायड्रोक्लोरिक आम्लात पाणी ओतत राहिले तरी ते तीव्रच, कारण त्याचे जवळपास सगळे रेणू आयन सोडतात. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात मात्र हजारातल्या जेमतेम १३ रेणूंचे असे विचरण होते.

आता हे द्रावण शंभरपट विरल करा. हजारात १३ ऐवजी सुमारे १२५ रेणूंचे विचरण झालेले दिसेल. इथे दुसरा गैरसमज जन्माला येतो: पाणी घातल्याने आम्लाचा विचरण स्थिरांकही वाढला असणार! प्रत्यक्षात २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे ०.००००१८ होता, तेवढाच राहतो. आयन एकमेकांपासून लांब पांगल्यामुळे त्यांची पुन्हा गाठ पडणे अवघड होते, म्हणून विचरणाचे प्रमाण वाढते. स्थिरांक बदलतो तो तापमानाने. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये हेच गणिताने मांडले. त्यामागची आयनांची कल्पना स्वान्ते अऱ्हेनियस यांची. उप्साला विद्यापीठाने १८८४ मध्ये त्यांच्या प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली होती. १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांत चिवट गैरसमज अनुमापनाच्या वेळी भेटतो. सौम्य आम्लाला उदासीन करायला अल्कलीही कमी लागेल, हा तो अंदाज. पण ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या किंवा तेवढेच ॲसेटिक आम्ल, दहा मिलिलिटरला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड दहा मिलिलिटरच लागते. ब्युरेटमधला प्रत्येक थेंब मोकळे हायड्रोजन आयन संपवतो, तसतसे उरलेले रेणू नवे आयन सोडत जातात. शेवटचा रेणू संपेपर्यंत हे चालू राहते.

फरक पडतो तो अंतिम बिंदूच्या सामूत. पहिल्या अनुमापनात तो ७ असतो, दुसऱ्यात सुमारे ८.७, कारण तयार झालेला ॲसिटेट आयन स्वतः किंचित आम्लारीधर्मी आहे. म्हणून तिथे दर्शक म्हणून फेनॉल्फ्थॅलीन चालते. मिथिल ऑरेंजचा रंग फार आधीच बदलतो.

‘आम्ल सौम्य, म्हणजे त्याची संयुग्मी आम्लारी तीव्र’ हे वाक्य वह्यांमध्ये सर्रास आढळते. संयुग्मी आम्लारी म्हणजे आम्लाने हायड्रोजन आयन सोडल्यावर उरणारा भाग, जसा इथे ॲसिटेट. पाण्यात २५ अंशांना आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी या दोघांच्या स्थिरांकांचा गुणाकार १ भागिले १०० लाख कोटी इतका असतो. त्या हिशेबाने ॲसिटेटचा स्थिरांक अमोनियाच्याही तीस हजारांहून अधिक पटींनी लहान निघतो. म्हणजे ॲसेटिक आम्ल आणि ॲसिटेट, दोघेही सौम्यच.

राहिला धोक्याचा प्रश्न, आणि तो जिवाशी निगडित आहे. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा स्थिरांक सुमारे ०.०००७, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत ते सौम्य. तरीही ते काच खाते, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. ते त्वचेतून आत शिरते आणि शरीरातल्या कॅल्शियमला बांधून टाकते. द्रावण विरल असेल तर सुरुवातीला वेदनाही जाणवत नाहीत. ते हाताळण्यापूर्वी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम जवळ तयार असलेच पाहिजे.