घड्याळाचे अंतरंग परीक्षण

इतिहासाच्या तासाला सरांनी साधनांचे बहिरंग आणि अंतरंग परीक्षण शिकविले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बखर आली नाही; आले ते आमच्या पेटीतले ओमेगा घड्याळ. आजोबा मुंबईत एका गिरणीमालकाकडे ड्रायव्हर होते. १९८२ च्या संपात गिरणी बसली, नोकरी गेली आणि थकलेल्या पगाराऐवजी शेठनी आपल्या मनगटावरचे घड्याळ काढून दिले, असे ते सांगत. आता आजोबा नाहीत. धाकट्या काकांचे म्हणणे, ड्रायव्हरला कोणी खरे ओमेगा देत नसतो, अण्णा फसले. तालुक्याच्या एका दुकानदाराने तर न उघडताच ‘नकली’ म्हणून पाचशे रुपये देऊ केले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला.

बहुतेक लोक आधी तबकडी पाहतात. वास्तविक सर्वांत सहज खोटे बोलते ती तबकडीच. डागाळलेली तबकडी रंगवून घेण्याची आपल्याकडे रीतच होती. पुढे त्याचा धंदा झाला. जुन्या स्विस मशीनवर नव्याने रंगवलेली भडक तबकडी बसवून विकलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव असे गाजावे! भिंगातून पाहिले की रंगकाम उघडे पडते. अक्षरांच्या कडा पसरलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या खालचे ‘स्विस मेड’ तिरके किंवा गायबच असते. आमच्या तबकडीत यातले पहिले दोन दोष आहेत. आणखी एक खूण म्हणजे चमकणारा लेप. पूर्वी तो रेडियमचा असे. १९६० नंतरच्या काही वर्षांत ट्रिटियम आले आणि तबकडीच्या तळाशी रोमन ‘टी’ अक्षर दिसू लागले. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या घड्याळावर ‘टी’ असेल, तर तबकडी मागाहूनची समजावी. (जुना लेप नखाने खरवडू नये. चमक गेली तरी रेडियम किरणोत्सारीच असते.)

खरी साक्ष मिळते ती मागचे झाकण उघडल्यावर. जिल्ह्याच्या गावी एका वयस्कर घड्याळजींनी ते माझ्यासमोर उघडले. झाकणाच्या आत ओमेगाचा शिक्का. मशीनला त्या काळचा तांबूस मुलामा, त्यावर कंपनीचे नाव आणि अनुक्रमांक, अगदी बारीक पण स्वच्छ. आमचा क्रमांक दीड कोटीच्या थोडा पुढचा आहे, म्हणजे घड्याळ १९५६-५७ च्या सुमाराचे. आजोबांना मिळाले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे जुने होते. हातातले काढून दिले, हे त्यांचे बोलणे या आकड्याशी जुळते. जुळते म्हणजे सिद्ध होते असे नव्हे, हे सर सांगतीलच. झाकणाच्या आत सुईने ओरखडलेले बारीक आकडेही आहेत. दुरुस्तीची खूण घड्याळजी अशीच ठेवीत.

पण मशीन खरे म्हणून सगळे घड्याळ खरे, असेही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ चे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी! ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेले होते, हे २०२३ साली उघड झाले.

आमच्या घड्याळाचे मशीन आणि केस अस्सल, तबकडी रंगवलेली, चावी बदललेली. अशा तबकडीने किंमत पुष्कळ पडते. आजोबांचा थकलेला पगार त्यातून भरून निघेल असे दिसत नाही. काकांना मी हे सारे कागदावर लिहून दिले आहे. विकायचेच झाले तर जो झाकण उघडून पाहील त्यालाच, एवढी अट वडिलांनी घातली आहे.